विहीर न उतरता

कृष्णानं आयुष्यात एकच विहीर बांधली, आणि तिला दगड लागला नाही की चुना.

शहरातल्या क्रांती चौकापासून हाकेच्या अंतरावर, चष्म्याच्या दुकानावरच्या मजल्यावर तीन खोल्या होत्या. तिथं बसून तो आणि त्याचे काही सोबती कॉम्प्युटरवर खेळायचा एक खेळ घडवत होते. खेळाचं नाव 'नदी कुठं गेली'. गोष्ट साधी होती. एका मुलखातली नदी एका रात्रीत निघून जाते. आटत नाही, तर रुसलेल्या माणसासारखी उठून चालू लागते. मागं नुसतं कोरडं पात्र उरतं. खेळणाऱ्यानं आधी ठरवायचं की आपण कोण व्हायचं: पाथरवट, वैदू, शेळ्या राखणारी बाई की गावोगाव फिरणारा फकीर. मग त्या रूपानं पात्राच्या कडेकडेनं चालायचं, भेटेल त्याच्याशी बोलायचं, वाटेतल्या अडचणी पार करायच्या आणि नदीच्या मागावर जायचं.

अडचणी खूप होत्या, पण त्या सगळ्यांत विहीर म्हणजे कृष्णाचा जीव की प्राण. एका हाताच्या बोटांनी बटण दाबून दोर धरून ठेवायचा आणि दुसऱ्या हातानं भिंतीतल्या खोबण्या शोधत पाय टाकायचा. बोट निसटलं की पुन्हा काठावरून सुरुवात. जसजसं खाली जावं तसा उजेड वरच राहून जाई, आभाळाचा गोल ताटाएवढा होई, मग वाटीएवढा. आणि वरून कुणीतरी नावानं हाक मारी. ती हाक भिंतींवर आपटून फुटे आणि तुकड्यातुकड्यांनी खाली येई. त्या हाकेसाठी कृष्णानं गोष्ट लिहिणाऱ्या अश्लेषाला आवाज बसेपर्यंत हाका मारायला लावल्या होत्या.

ही विहीर त्यानं मनानं रचलेली नव्हती. लहानपणी, सोयगावकडच्या त्याच्या गावात दुष्काळ पडला होता, तेव्हा एका दुपारी त्याला दोराला बांधून खरोखरीच विहिरीत सोडलं होतं. वर जाळ होता आणि खाली ओला, हिरवा अंधार. त्या अंधारात तो इतका सुखावला होता की पुढं आयुष्यात त्याला तेवढं शांत कधीच वाटलं नाही. खेळणाऱ्या प्रत्येकाला ती दुपार मिळावी, एवढीच त्याची इच्छा.

पण खेळणारे काही वेगळंच सांगत होते. खेळ बाजारात यायच्या आधी काही ओळखीच्यांना तो खेळायला दिला होता. त्यांतले बरेचजण विहिरीपर्यंत यायचे आणि तिथून परत फिरायचे, ते कायमचेच.

"त्यांना वाट दे ना बाजूनं," अश्लेषा म्हणाली. ती समर्थनगरात लहानाची मोठी झालेली, वकिलाच्या घरातली. बोलायची हळू, पण मुद्दा सोडायची नाही. "विहीर ज्याला नको वाटते त्यानं ती न उतरता पुढं जावं. पुढं इतकं काही आहे."

"ज्याला विहीर नाय उतरायची त्यानं नदी शोधूच नाय," कृष्णा म्हणाला.

"का?"

"तहान लागल्याशिवाय पाण्याची चव कळते का?"

"कुणाला कशाची तहान लागलीय हे तुला इथं बसून कसं कळणार?"

कृष्णानं कानाला हेडफोन लावले.

त्या उन्हाळ्यात गावाकडं पुन्हा पाणी हटलं होतं. टँकरच्या गर्दीत हंडा घेऊन निघालेली कृष्णाची आई, चतुराबाई, घसरली आणि पाय मोडून बसली. वडील बद्रीनाथ बैलं घेऊन चारा छावणीत मुक्कामाला होते. घरी करायला कुणी नाही. कृष्णा सिल्लोडपर्यंत गाडी घेऊन गेला, तिथल्या डॉक्टरांनी गुडघ्यापर्यंत घातलेल्या प्लॅस्टरसकट तिला उचलून आणली आणि बीड बायपासच्या पलीकडं, शहरालगतच्याच सातारा परिसरातल्या आपल्या फ्लॅटवर ठेवली.

तिसऱ्या मजल्यावरची खिडकी. खाली नव्या इमारतींचे सांगाडे, मधोमध अजून कुणी न घेतलेला एक ज्वारीच्या धसकटांचा तुकडा, आणि सकाळ-संध्याकाळ भोंगा वाजवत येणारा टँकर. चतुराबाई खिडकीशी पलंगावर बसून राही.

"इथंबी टँकरच," पहिल्याच दिवशी ती म्हणाली. "मंग लोकं इकडं कशाला येऊन राह्यलेत?"

आयुष्यभर बसायची सवय नसलेली बाई. हात चाळवायचे. टीव्हीवरच्या मालिकांतल्या बायका दिवसाढवळ्या दागिने घालून भांडतात, हे तिला पटेना. मग एका सकाळी कामावर जाता जाता कृष्णानं तिच्या हातात खेळाचा कंट्रोलर दिला आणि समोर पडद्यावर खेळ लावून दिला.

"हे काय? खेकडा?"

"खेकडाच समज. या अंगठ्यानं चालायचं, या अंगठ्यानं बघायचं."

तो संध्याकाळी परतला तेव्हा खोलीत दिवा लावलेला नव्हता. पडद्यावरचा सोनेरी उजेड चतुराबाईच्या तोंडावर पडला होता. तिनं शेळ्या राखणारीचं रूप घेतलं होतं. पडद्यावर पळसाखाली चार शेळ्या बसल्या होत्या, त्यांच्याशेजारी ती बाई बसली होती, आणि इकडं पलंगावर ही बसली होती. कुणीच काही करत नव्हतं.

"काय करतीस माय?"

"ऊन उतरू दे की. आत्ता कुठं हिंडवते जनावरं."

त्यानंतर तिचे दिवस तिकडंच जाऊ लागले. ती त्याला खेळ म्हणत नसे. "सकाळी तिकडं गेल्ते," असं म्हणे. आडव्या तिडव्या वाटांनी ती हिंडे. खेळात कामं नेमून दिलेली असत, अमक्याला निरोप पोचव, तमक्याच्या बैलाच्या गळ्यातलं हरवलेलं घंटाळं आण. ती कामं ती मनाला येईल तेव्हा करी. पाथरवटाच्या बायकोशी ती इतक्या वेळा बोलली की बायकोची बोलायची वाक्यं संपली, पुन्हा पहिल्यापासून सुरू झाली. तरी चतुराबाई जाई. "म्हातारी झाली की माणूस तेच तेच बोलतं," ती म्हणे, "म्हणून का जायचं सोडायचं?" कोरड्या पात्रातल्या वाळूत कृष्णाच्या एका सोबत्यानं सहज म्हणून टिटवीची अंडी ठेवली होती, ती कुणालाच कधी दिसली नव्हती, तिला दिसली. रात्री जेवताना ती सांगायची आणि कृष्णा घास हातात धरून ऐकायचा. आपण बांधलेला मुलूख आपली आई आपल्याला सांगते आहे, आणि तो आपण बांधला त्याहून मोठा आहे, असं त्याला वाटे. झोपेत कधी कधी तोही त्या पळसाखाली असायचा. कुठल्या तरी शेळीच्या गळ्यातली घंटा वाजत असायची, आणि जागं झाल्यावर कळायचं की तो खालचा टँकर आहे.

हळूहळू ती पुढं सरकत गेली. निवडुंगाचं रान तिनं ओलांडलं. फकिराच्या कोड्याचं उत्तर तिनं असं चटकन दिलं की कृष्णाला हसू आलं. मग एक दिवस ती विहिरीपाशी पोचली असणार, असा त्यानं अंदाज बांधला. पण ती काही बोलली नाही. दुसऱ्या दिवशी पाथरवटाच्या बायकोचीच गोष्ट. तिसऱ्या दिवशी टिटवीची.

"विहीर लागली का माय?"

"लागली."

"मंग?"

"मंग काय. शेळ्या वळवल्या."

आठवडा असाच गेला. ती विहिरीपर्यंत जाई, काठापासून लांब उभी राही आणि माघारी फिरे. कृष्णाला आधी गंमत वाटली, मग चुटपुट लागली. सगळ्यांत सुंदर जागा आपली आईच बघणार नाही, हे त्याला सहन होईना. रविवारी दुपारी तो तिच्याशेजारी पलंगावर बसला.

"अंगठा इथं धर. सोडू नकोस. आता दुसऱ्यानं खोबण शोध."

"नको बाबा."

"अगं, पडलीस तर पुन्हा वरून. काही होत नाय. खेळ आहे नुसता."

"तुझ्यासाठी असंल."

"बरं, मी दाखवतो. तू फक्त बघ." त्यानं कंट्रोलर घेतला. शेळ्या राखणारी बाई काठावर बसली, पाय आत सोडले, उतरू लागली. कृष्णाची बोटं सराईत होती. भिंतीवरचं शेवाळ चमकायला लागलं. आभाळाचा गोल आक्रसला. उन्हाळ्याच्या त्या भाजक्या दुपारी खोलीत जणू गारवा पसरला आणि कृष्णा नेहमीसारखा त्यात बुडत गेला. मग वरून हाक आली. भिंतींवर आपटत, फुटत.

त्याच्या दंडावर एकदम पकड बसली. चतुराबाईनं तोंड भिंतीकडं फिरवलं होतं आणि त्याच्या शर्टाची बाही मुठीत घट्ट धरली होती.

"वर घे तिला."

"माय, आता तळ येईलच..."

"वर घे म्हणते ना! कृष्णा, वर घे!"

त्यानं खेळ बंद केला. खोलीत दुपारचा खरा, पांढरा उजेड उरला. त्यानं माठातलं पाणी आणून दिलं, ते तिनं घोट घोट घेतलं.

"तुला आठवतंय का, तुला आत सोडलं होतं ते?" तिनं विचारलं.

"आठवतंय म्हणून तर बांधली ही. सगळ्यांत चांगली दुपार होती ती माझी."

चतुराबाईनं त्याच्याकडं असं पाहिलं जणू तो परक्या भाषेत बोलला.

"तुझे बा बाजाराला गेल्ते. टँकरनं विहिरीत पाणी ओतलं, आन् लोकांनी उपसून नेलं. खाली कपारीत जरासं राह्यलं होतं. बादली भरंना. कुणीतरी बारकं लेकरू आत उतरून तांब्यानं भरावं, तरच. तूच हलका. मी आन् शेजारच्या गीताबाईनं तुला बांधलं. गाठ मी मारली. सोडत गेलो, सोडत गेलो. तळाला टेकलास तसा दोर सैल झाला. मी हाक मारली. तू ओ दिली नाय."

कृष्णानं कंट्रोलर बाजूला ठेवला.

"पुन्हा मारली. नाय. वाकून बघावं तर आत काळं. माझी गाठ सुटली का काय झालं, काय कळंना. गीताबाई म्हणती वढू, मी म्हणते गाठ सुटली असंल तर रिकामाच दोर वर यील. मला वढवंना. हाका मारीत राह्यले नुसती. माझाच आवाज माघारी येत होता. किती वेळ मारल्या देव जाणे. मंग गीताबाईनंच वढला, आन् तू आलास वर. तांब्या भरलेला. हसत होतास."

तिनं भांडं खाली ठेवलं.

"आजून कधी कधी सपान पडतं. त्यात दोर वर येतो, रिकामा."

कृष्णाला त्या दुपारचं सगळं लख्ख आठवत होतं. खाली पोचल्यावर त्यानं आईच्या हाका ऐकल्या होत्या. प्रत्येक हाक भिंतींवरून घरंगळत यायची, कृष्णा, ष्णा, णा, आणि त्याला वाटायचं, विहीर आपलं नाव घेते आहे. ती पुन्हा पुन्हा ऐकावीशी वाटत होती. ओ दिली असती तर हाका थांबल्या असत्या. म्हणून त्यानं ओ दिली नव्हती.

हे त्यानं आईला सांगितलं. अडखळत, तिच्या प्लॅस्टरवरच्या पांढऱ्या भुकटीवर बोट फिरवत सांगितलं.

"म्हंजे तू ऐकत होतास?"

"व्हय."

ती रागावेल असं त्याला वाटलं. ती रागावली नाही. तिनं फक्त त्याच्या डोक्यावर हात ठेवला आणि तो तिथंच राहू दिला. "चांगलं झालं," ती शेवटी म्हणाली. "मला वाटायचं, तू खाली भ्यायला असशील."

सोमवारी तो ऑफिसात लवकर पोचला. अश्लेषा आली तेव्हा त्याच्या पडद्यावर विहीर होती, आणि काठाला लागून एक नवी पायवाट.

"वाट देतोय," तो म्हणाला. "पण त्या वाटेनं जाईल त्याला पुढं पाणी जरा कमी मिळेल. उतरलेल्याला भरून पखाल, न उतरलेल्याला निम्मी."

"म्हणजे दंड."

"दंड नाही. फरक असायला नको का?"

अश्लेषा खुर्ची ओढून बसली. "मी एक विचारू? पहिल्या गावातून निघताना म्हातारा बाप वेशीपर्यंत सोडायला येतो, तो निरोपाचा प्रसंग मी लिहिला. तू तो किती वेळा पूर्ण खेळलास?"

खेळ बांधणाऱ्यांकडं कुठूनही कुठंही उडी मारायची कळ असते. खेळ तपासताना तो दरवेळी बापाच्या अलीकडं ती कळ दाबायचा आणि थेट वेशीबाहेर निघायचा. तो गाव सोडून शहरात आला तेव्हा वडील, बद्रीनाथ, एसटीच्या खिडकीशी उभे होते आणि दोघांनाही बोलता आलं नव्हतं.

"एकदाही नाही," तो म्हणाला.

"मला माहीत होतं. मी कधी म्हटलं का, की हा प्रसंग सोडलास म्हणून तुला नदी निम्मी? तू स्वतःला कळ देऊन ठेवलीस, बाकीच्यांनाही दे. एवढंच."

"मग खेळात राहतं काय?"

"राहिलेलं सगळं."

त्यानं पखालीचा हिशेब पुसून टाकला. त्या दिवशी आणि पुढं बरेच दिवस दोघं त्याच कामाला लागले. फक्त विहिरीलाच नाही, तर निवडुंगाच्या रानाला, कोड्याला, निरोपाला, सगळ्याच अडचणींना एकेक वाट फुटली. कृष्णानं आधी तिथं पाटी लावली होती: 'तुम्ही विहीर टाळत आहात. नक्की?' अश्लेषानं ती वाचली आणि परत आपल्या जागेवर जाऊन बसली. तो पाटीकडं बघत राहिला. आईला कुणी असं विचारलं तर तिला कसं वाटेल, हे त्याच्या डोळ्यांसमोर आलं, आणि त्यानं पाटी काढली. शेवटी तिथं एवढंच उरलं: काठावर थोडी सावली, आणि सावलीतून पुढं जाणारी वाट. उतरणाऱ्यासाठी दोर होताच. विहिरीची एक खोबणही कृष्णानं सोपी केली नाही.

खेळ बाजारात आला तेव्हा काहींनी नाकं मुरडली. अशा वाटा ठेवायच्या तर खेळायचं कशाला, असं एकानं लिहिलं. हैदराबादच्या एका मुलीनं लिहिलं की तिला बंद जागेची धास्ती बसते, आणि इतके खेळ अर्धे सोडल्यावर हा पहिलाच तिनं शेवटापर्यंत पाहिला. विहीर उतरणारेही कमी झाले नाहीत. उलट काहीजण आधी वाटेनं पुढं गेले, नदी पाहून आले, आणि मग एके दिवशी आपण होऊन दोर धरायला परतले. याचं कृष्णाला फार नवल वाटलं.

पण त्या वाटेचा पहिला प्रवासी घरीच होता. खेळ बाजारात यायच्या आधीच, वाट तयार झाली त्या सकाळी, त्यानं नवा खेळ आईच्या समोर लावला आणि काही न सांगता कामावर निघून गेला. संध्याकाळी आला तेव्हा ती विहिरीच्या पलीकडं होती.

पलीकडचा मुलूख फार थोड्यांनी पाहिला होता. त्यामुळं तिथं कृष्णा आणि मंडळींनी कुणाला विचारायची फिकीर न करता मनासारखं बांधलं होतं. तिथं वाळूत गाडलेल्या होड्या होत्या, त्यांत खारी राहायच्या. एका टेकडीवर रिकामी घागर ठेवली होती. वारा सुटला की ती गुणगुणायची. दुपारच्या उन्हात लांबवर पाण्यासारखं काही लकाकायचं, आणि जवळ जावं तर तिथं आरशांचा बाजार भरलेला असायचा. चतुराबाई शेळ्या घेऊन त्या सगळ्यातून सावकाश चालली. तिचं प्लॅस्टर निघालं, ती काठी टेकत घरात फिरू लागली, आणि तरी दिवसातून एकदा तिकडं जाऊन यायची. दोन्हीकडं ती आता सारखीच चालत होती, जपून जपून, पण न थांबता.

एका संध्याकाळी कृष्णा स्वयंपाकघरात भात लावत होता. आतून हाक आली.

"कृष्णा!"

"ओ!" तो लगेच म्हणाला आणि ओल्या हातांनी पळत गेला.

पडद्यावर नदी होती. गुपचूप, रुंद, सगळं आभाळ अंगावर घेऊन पडलेली. शेळ्या पाण्यात तोंड घालून पीत होत्या. नदीपाशी पोचलं की तिच्याशी बोलायचं, तिला परत यायला मनवायचं, तेव्हा खेळ संपायचा. चतुराबाई बोलायला गेलीच नव्हती. ती काठावर बसली होती.

"विचार ना तिला," कृष्णा म्हणाला. "परत ये म्हण."

"इचारते. आत्ताच दमून बसलीय ती, दिसत नाय का?" चतुराबाईनं अंगठ्यानं नजर वर नेली, पाण्यावरून, पलीकडच्या झाडांवरून, लांबच्या निळ्या डोंगरापर्यंत. "हे पाणी कुठून यून राह्यलं?"

"त्या डोंगरातून."

"तिकडं जाता येतं का?"

"नाय. तिकडं अजून काहीच बांधलं नाय. नुसतं चित्र आहे ते."

"मंग बांध की."

कृष्णा हसला आणि तिच्याशेजारी पलंगावर टेकला. स्वयंपाकघरात भाताला कढ येत होता. "काय काय असतं डोंगरात? तू सांग."

चतुराबाईनं कंट्रोलर मांडीवर ठेवला. तिचं माहेर अजिंठ्याच्या डोंगराच्या कुशीतलं.

"आधी सालई लागते," ती म्हणाली. "पांढऱ्या बुंध्याची. चांदण्यात उभं राह्यलेल्या माणसावानी दिसती. तिथून वर गेलं की अंजन. अंजनाच्या झाडाखाली शेळ्या थांबतात, पुढं चालत नायत, मंग आपणबी बसायचं..."

तो ऐकत राहिला, आणि खिडकीबाहेरच्या अर्ध्या इमारतींमागं त्याला सालईची पहिली झाडं दिसायला लागली.